रांजण आणि परात

दिवाळीत पुतण्यांना घेऊन कुंडावर गेलो होतो. कुंड म्हणजे कुकडी नदीतले रांजणखळगे. नदीच्या अलीकडे आमच्या शिरूर तालुक्यातलं टाकळी हाजी, पलीकडे पारनेर तालुक्यातलं निघोज. दोन्ही काठांवर मळगंगा देवीची देवळं. नदी दोघांची, पण जगाला ठिकाण माहीत आहे ते 'निघोजचे रांजणखळगे' म्हणून. भूगोलाच्या पुस्तकातही निघोजच. या बाबतीत आम्हा शिरूरकरांच्या मनात जो सल आहे त्याबद्दल पुन्हा कधीतरी. असो.

पाणी ओसरलं होतं, त्यामुळे खळगे छान दिसत होते. ज्यांनी पाहिले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. काळ्या कातळाचा सपाट पसारा, त्यात नदीनं कापलेली अरुंद खोल घळ, आणि घळीच्या दोन्ही अंगांना कातळात खड्डेच खड्डे. काही वाटीएवढे, काही असे की आत उतरलेला माणूस दिसेनासा व्हावा. काही ठिकाणी दोन रांजणांमधली भिंत झिजून खिडकी पडलेली. हात फिरवला तर कातळ गुळगुळीत लागतो, जात्याच्या आतल्या अंगासारखा. लहानपणी आजी सांगायची, ही देवीची रांजणं. आम्ही आत वाकून देवीचं पाणी शिल्लक आहे का ते बघायचो.

तर झालं असं, की देवळापाशी भेळ खाताना गाडीवरच्या पोरानं आम्हाला माहिती द्यायला सुरुवात केली. विशी-बाविशीतला, चुणचुणीत मुलगा. म्हणाला, "हे सगळे उल्का पडून झालेत काका. एका रात्रीत. नासाची माणसं येऊन तपासून गेली."

धाकट्या पुतण्यानं (वय वर्षे नऊ) लगेच विचारलं, "मग उल्का कुठायत?"

"नासावाल्यांनी नेल्या."

या उत्तरावर खरं तर मी हसून भेळ संपवायला हवी होती. पण माझा स्वभाव वाईट. मी त्या पोराशी वाद घालायला लागलो, मग भेळ खाणारे आणखी दोघे त्याच्या बाजूने उतरले, त्यातल्या एकाने मोबाईलवर आलेला फोटोही दाखवला, आणि शेवटी आमचा दादा वैतागून म्हणाला, "अरे सोड ना. काय बिघडतं? पोरं खूश झाली, त्याची भेळ खपली, चार माणसं जास्त येतील. तुझ्या बापाचं काय जातं?" (बाप आमचा एकच आहे, हे त्याच्या लक्षात आलं नाही.)

परत येताना गाडीत मी गप्प होतो. 'काय बिघडतं' या प्रश्नाला तिथल्या तिथे उत्तर सुचलं नाही. ते आता लिहितोय.

आधी मुद्द्याचं. हे खड्डे आकाशातून पडलेल्या कशानेही झालेले नाहीत, हे कळायला नासा लागत नाही. स्वयंपाकघर पुरतं. रांजण म्हणजे तोंडापेक्षा पोट खोल. आणि अशनी आदळून जे विवर होतं त्याचा आकार परातीसारखा असतो. साधं, ताजं विवर घेतलं तर त्याची खोली रुंदीच्या पाचव्या-सहाव्या भागाइतकी. चंद्रावर बघा, बुधावर बघा, मंगळावर बघा, परातच. अरुंद आणि खोल, रांजणासारखं विवर आघातातून होतच नाही. कारण अशनी जमिनीत खिळ्यासारखी घुसून थांबत नाही. सेकंदाला पंधरा-वीस किलोमीटर वेगानं येणारा प्रचंड दगड जमिनीवर थांबतो तेव्हा त्याची सगळी ऊर्जा एकदम मोकळी होते. तो स्फोट असतो. स्फोट चहूकडे सारखा पसरतो, म्हणून दगड तिरका आला तरी विवर बहुतेक वेळा गोलच होतं. भोवती उधळलेल्या दगडमातीची कड उभी राहते. कुकडीच्या खळग्यांभोवती कड आहे का? नाही. खळगे नदीच्या पात्रातच आहेत. काठावरच्या बाजरीच्या शेतात एकही नाही. उल्का शेतकऱ्याचं पीक वाचवून नेमक्या नदीत पडल्या म्हणायचं?

बरं, बारीक बारीक दगड शेकड्यांनी पडले असतील, असं मोबाईलवाल्याचं म्हणणं. बारीक दगड पडतात की. २२ मे २०१२ ला नागपूर जिल्ह्यात काटोलला पडले, त्याआधी १८६६ मध्ये आपल्या शेजारी जामखेडला पडला. पण बारीक दगडाचा वेग हवेतच मरतो. तो शेवटी गच्चीवरून टाकलेल्या धोंड्यासारखा येतो. कौल फोडेल, कातळात दहा फुटांचा खळगा पाडणार नाही.

मग खळगे केले कुणी? नदीनं. पुराच्या पाण्याला भोवरा सुटतो, कातळातल्या एखाद्या भेगेत किंवा पोकळ जागी गोटे अडकतात, भोवरा त्यांना गरागरा फिरवतो, आणि गोटे खालचा कातळ घासत राहतात. पूर ओसरला की काम थांबतं, पुढच्या आषाढात पुन्हा सुरू. गोटा झिजून संपला की नदी नवा आणून टाकते. वाळू, खडी, गोटे हीच हत्यारं, आणि ती आजही कित्येक रांजणांच्या तळाशी पडलेली असतात. चोर पळून गेला पण पहार तिथेच, असा हा मामला आहे. कोणीही वाकून बघावं.

इथपर्यंत सोपं आहे. पण पुतण्याचा तो प्रश्न, 'मग उल्का कुठायत?', हा मात्र सोपा नाही, आणि इथे मला त्याचीही समजूत घालावी लागली. त्याला वाटत होतं की दगड सापडला नाही म्हणजे भेळवाला दादा खोटं बोलला. दादा चुकलाच होता, पण या कारणानं नव्हे. नेमकी हीच चूक एका फार मोठ्या माणसानं केलेली आहे. अमेरिकेत अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात सव्वा किलोमीटर रुंदीचं एक विवर आहे. आजूबाजूला लोखंडी अशनींचे तुकडे विखुरलेले. ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट हा त्या काळातला अत्यंत नावाजलेला भूशास्त्रज्ञ ते बघायला गेला. त्यानं तर्क केला की आकाशातून पडलेलं असेल तर तळाखाली लोखंडाचा प्रचंड गोळा असणार, आणि चुंबकीय सुई तो दाखवणार. सुई हलली नाही. १८९६ मध्ये त्यानं आपला निर्णय छापला: जमिनीखालच्या वाफेचा स्फोट. नंतर डॅनियल बॅरिंजर नावाच्या खाणवाल्यानं उलट पैज घेतली, विवर आकाशातलंच आहे असं मानून लोखंडाच्या आशेनं वर्षानुवर्षं तळ खोदला, आणि त्यालाही गोळा मिळाला नाही. गंमत बघा, बॅरिंजर विवराबद्दल बरोबर होता आणि लोखंडाबद्दल चूक. गोळा आदळतानाच बहुतांशी वितळून, वाफ होऊन, तुकडे होऊन उधळला होता. १९६० च्या सुमारास यूजीन शूमेकर आणि सहकाऱ्यांना तिथे कोएसाइट सापडलं. प्रचंड दाबाखाली तयार होणारं सिलिकाचं एक रूप. तेव्हा कुठे वाद मिटला.

म्हणजे दगड न सापडणं हा पुरावा नाही. पुरावा असतो मार खाल्लेल्या खडकात.

आता लोणार. १९९९ च्या डिसेंबरात मी एसटीनं गेलो होतो. नगर, तेव्हाचं औरंगाबाद, जालना असे टप्पे घेत, आणि शेवटच्या गाडीत उभ्यानं. बुलढाणा जिल्ह्यातलं ते सपाट, रुक्ष माळरान, आणि अचानक पायाखाली जमीनच नाही! सुमारे १८३० मीटर रुंद, दीडशे मीटरच्या आसपास खोल, जवळजवळ गोल. तळाशी हिरवट पाणी, काठाला झाडी, झाडीत पडकी देवळं. कड आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वीसेक मीटर वर उचललेली, आणि कडेपाशी काळ्या लाव्ह्याचे थर बाहेरच्या दिशेला उलटलेले. परात. अगदी पुस्तकातली परात.

पण ही परात आहे हे कळायला दीडशे वर्षं लागली, हे आम्हाला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. १८२३ मध्ये अलेक्झांडर नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्यानं त्याची नोंद केली. (आपल्या लोकांना ते त्याआधी शेकडो वर्षं माहीत होतं, विष्णूनं लवणासुराला मारलं ती जागा, म्हणून तर दैत्यसूदनाचं देऊळ.) त्यानंतर जे जे भूशास्त्रज्ञ आले त्यांतल्या बहुतेकांनी ज्वालामुखीकडेच बोट दाखवलं. त्यांना नावं ठेवू नका. आसमंतात शेकडो किलोमीटर सगळा लाव्हाच. तिथे गोल खड्डा दिसला तर कुणालाही ज्वालामुखीच आठवेल. अडचण एकच होती. दख्खनचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आणि खड्डा त्या मानानं कालपरवाचा. १९६४ मध्ये लाफॉंड आणि डिएट्झ यांनी, हे अशनीचं विवर तर नव्हे, अशी शंका छापली. मग तळाच्या गाळातून छिद्रं पाडून खालचा खडक वर काढला गेला, आणि १९७३ मध्ये फ्रेड्रिक्सन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम् या चौघांनी 'सायन्स' साप्ताहिकात निकाल दिला. त्या खडकात मॅस्केलिनाइट होतं.

मॅस्केलिनाइट म्हणजे फेल्डस्पार या खनिजाची झालेली काच, पण वितळून झालेली नव्हे. हवेच्या दाबाच्या काही लाख पट दाबाचा तडाखा क्षणभर बसला की स्फटिकाच्या आतली रचना कोसळते आणि बाहेरचा आकार तसाच राहतो. कोणताही ज्वालामुखी असा तडाखा देऊ शकत नाही. ही काच प्रथम ओळखली गेली ती बिहारमध्ये शेरघाटीला १८६५ साली पडलेल्या अशनीत, आणि तो दगड मंगळावरून आलेला आहे हे त्यानंतर शंभरावर वर्षांनी कळलं. म्हणजे मंगळावर कधीतरी काहीतरी आदळलं, तिथला दगड उडून बिहारात पडला, त्यातल्या काचेला व्हिएन्नात नाव मिळालं, आणि तीच काच बुलढाण्याच्या मातीखाली सापडली. सांगा, यापुढे 'नासावाल्यांनी नेल्या' हे किती बेचव आहे!

माझा खरा राग या बेचवपणावर आहे.

लोणारबद्दल अजून वाद आहेत, आणि मला तेही आवडतात. वय घ्या. आधी ते बावन्न हजार वर्षं सांगत. २०११ मध्ये अरगॉन पद्धतीनं मोजल्यावर आकडा पाच लाख सत्तर हजारांच्या आसपास आला. दहा पटीहून जास्त फरक! शेजारीच अंबर तळं म्हणून छोटा खड्डा आहे. तो मूळ दगडाच्या तुटलेल्या तुकड्यानं झाला असं काही म्हणतात, काही म्हणतात पुरावा नाही. कुणाला लाज वाटत नाही असं म्हणायला. 'पुरावा नाही' हे वाक्य आपल्याकडच्या माहिती देणाऱ्यांच्या तोंडून तुम्ही शेवटचं कधी ऐकलंत?

आता माझी स्वतःची चूक सांगतो, नाहीतर म्हणाल हा दुसऱ्यांनाच शिकवतो. लोणारहून परतल्यावर पुढची कित्येक वर्षं मी सगळ्यांना छाती फुगवून सांगत होतो, "बेसॉल्टमधलं जगातलं एकमेव विवर!" लेखातही लिहिलं. मग एक दिवस ब्राझीलमधल्या व्हार्जेआओ आणि व्हिस्ता आलेग्रे या दोन विवरांबद्दल वाचनात आलं. तीही बेसॉल्टमधलीच. एक बारा किलोमीटरचं, दुसरं साडेनऊ. ती झिजून सपाट झालीत आणि लोणार अजून देखणं आहे, ही गोष्ट खरी. तेवढीच खरी. बेसॉल्टमधलं इतकं छान टिकलेलं विवर म्हणून चंद्र-मंगळाचा अभ्यास करणारे लोणारचे दगड तपासतात, कारण तिकडची जमीनही बरीचशी याच जातीची. मंगळावरच्या एका विवराला 'लोणार' नाव दिलेलं आहे. ही थोरवी पुरेशी नाही का? पण नाही, आपल्याला 'एकमेव' लागतं. (मंगळावरच्या छोट्या विवरांना पृथ्वीवरच्या छोट्या गावांची नावं द्यायची पद्धत आहे. तिथे एक 'पूना'ही आहे. पुणेकरांनी हे वाचून शांत राहावं.)

भेळवाल्या पोराला तरी का दोष द्यायचा. शंकर चॅटर्जी हे टेक्सासमध्ये शिकवणारे, जीवाश्मांवर चांगलं काम केलेले शास्त्रज्ञ. त्यांनी दावा केला की मुंबईसमोर अरबी समुद्राच्या तळाशी पाचशे किलोमीटरचं एक विवर आहे. त्याला त्यांनी 'शिव' नाव दिलं, आणि डायनोसॉर त्यामुळेच गेले असं मांडलं. नाव भारी, आकडा भारी. बातम्या भरपूर झाल्या. पण मार खाल्लेला खडक कुणाला पटेल असा दाखवता आला नाही, म्हणून जगभरच्या सुमारे दोनशे मान्य विवरांच्या यादीत ते नाही. आणि दुसरीकडे कच्छमधलं लुना. तिथल्या खळग्यावर लोकांना वर्षानुवर्षं शंका होती, पण २०२४ मध्ये खनिजांचा पुरावा छापून आला तेव्हाच ते नाव गंभीरपणे घेतलं जाऊ लागलं. असं थांबायचं असतं.

तर, काय बिघडतं?

पहिली गोष्ट, आजीच्या गोष्टीनं काही बिघडत नव्हतं. 'देवीची रांजणं' ही गोष्ट आहे हे सांगणारीला माहीत होतं, ऐकणाऱ्याला माहीत होतं, आणि ती ऐकून आम्ही नदीच्या पाया पडायचो, त्यात कचरा टाकायचो नाही. उल्केची गोष्ट विज्ञानाचा सदरा घालून येते. 'नासानं सांगितलं' म्हटलं की विचारायचं काही उरतच नाही. मला नासा नको असं नाही. पण नासाचा उपयोग पूर्वी 'शास्त्रात सांगितलंय' या वाक्याचा होत असे तसा व्हायला लागला, तर आपण कुठे पुढे गेलो?

दुसरी जास्त महत्त्वाची. खळगे एका रात्रीत आकाशानं केले असतील तर नदीचं त्यात काही देणं-घेणं राहत नाही. पण ते नदीनं केलेत, आणि अजून पुरे झालेले नाहीत. त्यांना पूर हवा, गोटे हवेत. गेल्या पन्नासेक वर्षांत वर माणिकडोह झालं, येडगाव झालं, बंधारे झाले. कुकडीला आता पूर येतो तो धरण भरलं तर, आणि धरणाच्या भिंतीपलीकडून गोटे येत नाहीत. माझा धरणाला विरोध नाही. आमच्या घरचा ऊस त्याच कालव्यावर वाढलाय, त्याच उसावर माझं शिक्षण झालंय. मी कुठल्या तोंडानं बोलू? पण एवढं तरी कळायला नको का, की आपण सहल काढून जे बघायला जातो तो एक कारखाना आहे आणि त्याचं पाणी आपण तोडलंय? उल्का मानली की हा प्रश्नच मनात येत नाही. मग प्लास्टिकचे ग्लास रांजणात टाकायलाही काही वाटत नाही. त्या दिवशी एका सुंदर रांजणात मी वेफर्सच्या सात पिशव्या मोजल्या.

लोणारचंही तेच. जून २०२० मध्ये तिथलं पाणी गुलाबी झालं, आणि दोन दिवसांत मोबाईलवर प्रलयापासून परग्रहापर्यंत सगळं आलं. पुण्याच्या आघारकर संस्थेनं पाणी तपासलं तेव्हा खारट पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव निघाले. उन्हाळ्यानं पाणी आटलं, खारटपणा वाढला, त्यांची चंगळ झाली, आणि त्यांच्यातल्या रंगद्रव्यानं तळं रंगलं. त्याच वर्षी लोणारला रामसर यादीत जागा मिळाली. पण तळ्याच्या पाण्याची चव कशी टिकेल, त्यात गावाचं सांडपाणी किती जातं, हे प्रश्न वर्षानुवर्षं कोर्टात घासत होते आणि तेव्हा एकानंही तो फोटो पुढे पाठवला नव्हता. खारट पाण्यात गोडं आणि घाण पाणी मिसळत गेलं तर जगात क्वचित दिसणारं ते जीवन संपेल, ही बातमी गुलाबी नाही ना.

आता तिसरी, आणि यासाठी कुकडीच्या खाली यावं लागेल. कुकडी घोडला मिळते, घोड पुढे भीमेला. भीमेच्या काठी, दौंड तालुक्यात, माझं आजोळ. तिथे नदीला उतार होता. उन्हाळ्यात गुडघाभर पाणी, तळाला जाड वाळू. थोरले मामा अंधारातही पलीकडे जाऊन यायचे, कुठे पाय टाकायचा हे त्यांच्या पायांना पाठ होतं. आज तो उतार नाही. वाळूच्या बोटी आल्या, पोकलेन आले, रात्री ट्रक लागायला लागले. आता पात्रात ठिकठिकाणी खड्डे आहेत, वरून पाणी एकसारखं दिसतं, आणि एका पावलावर गुडघाभर तर पुढच्या पावलावर दोन पुरुष. अधूनमधून महसूल खात्याचं पथक येतं, जिलेटिन लावून बोटी उडवतं, पेपरात फोटो येतो. पंधरा दिवसांत नवी बोट. मामा आता नातवंडांना नदीवर जाऊ देत नाहीत.

दोन वर्षांपूर्वी तिथल्याच एका खड्ड्यात एक पोरगा गेला. मामांच्या शेजारचा, पोहता येणारा. गावात बैठक झाली तेव्हा जबाबदार माणसांनी सांगितलं, पुरानं डोह पडलाय. नैसर्गिक आहे. नदी जागा बदलते. सगळ्यांनी माना डोलावल्या. मामाही गप्प बसले.

नदीनं पाडलेला डोह मी पाहिलेला आहे, मामांनी तर जन्मभर पाहिलाय. तो वळणाच्या बाहेरच्या अंगाला असतो, नाहीतर कातळाच्या पायथ्याशी. त्याची उतरण हळूहळू जाते. यंत्राचा खड्डा भर पात्रात, सरळ धारेत असतो, त्याचा काठ विहिरीसारखा तुटलेला असतो, आणि शेजारी चाळून फेकलेल्या गोट्यांचा ढीग असतो. तो ढीग तिथेच होता. बैठकीला आलेले सगळे त्याला वळसा घालून आले होते. खड्डा कुणी केला हे त्याच्या आकारावरून ओळखता येतं, हे ज्या गावाला ठासून म्हणता येत नाही, त्या गावाला 'पुरानं केलं' असं सांगून परत पाठवता येतं. दादा, हे बिघडतं.

दादाला फोनवर हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "कुठं उल्का अन् कुठं वाळू." मग थोडा वेळ गप्प होता. तो पोरगा त्याच्याही ओळखीचा होता.

गेल्या महिन्यात पुन्हा कुंडावर गेलो, या वेळी एकटाच. भेळवाला होता. त्यानं मला ओळखलं, आणि रागावला नव्हता. मी त्याला एका रांजणापाशी नेलं, तळाचा गोटा दाखवला, हातात घेऊन फिरवायला लावला. नारळाएवढा, एका बाजूनं अगदी आरशासारखा झालेला. त्यानं तो बराच वेळ हातात धरला. म्हणाला, "पटतंय काका. पण माणसं भेळ खायला थांबतात दोन मिनिटं. उल्का दोन मिनिटांत सांगून होते. हे तुम्ही दोन मिनिटांत सांगून दाखवा."

मी सांगायला लागलो. त्यानं मोबाईलवर वेळ लावली. मी घाई केली, परात-रांजण सांगितलं, भोवरा सांगितला, गोटा सांगितला, धरण गाळलं. चार मिनिटं दहा सेकंद झाली.

"जास्त होतंय," तो म्हणाला, आणि गोटा परत रांजणात सोडला.